डाग आणि दागिना : बाबासाहेबांच्या नाण्यावरून काही प्रश्न

मराठीत 'डाग' या शब्दाला दोन अर्थ आहेत. धुतलेल्या सदऱ्यावर पडतो तोही डाग आणि बाईच्या अंगावर असतो तो सोन्याचांदीचा जिन्नसही डाग. "लग्नात पोरीच्या अंगावर एक डाग घातला नाही" असे सासरचे लोक म्हणतात, तेव्हा त्यांना दागिना म्हणायचा असतो. सावकार "डाग ठेव आणि पैसे ने" म्हणतो, तेव्हाही तेच. आणि आमच्या लोकांना शेकडो वर्षे जो डाग लावला गेला, तो दुसऱ्या अर्थाचा. शब्द एकच. मग कोणत्या वस्तूवरचा डाग म्हणजे घाण आणि कोणत्या वस्तूवरचा डाग म्हणजे शोभा, हे ठरवतो कोण? हा प्रश्न आम्हांला कोणत्या परिषदेत नाही, तर नंदुरबारच्या एका मंगल कार्यालयात भरलेल्या नाणी-नोटांच्या प्रदर्शनात पडला. तो नीट मांडावा म्हणून हा लेख.

प्रदर्शनाला आम्ही छंद म्हणून गेलो नव्हतो. आमच्या बुद्धविहारात काचेचे एक कपाट आहे. त्यात बाबासाहेबांचे दुर्मीळ नाणे असावे, अशी तरुण मुलांची दोन वर्षांपासूनची इच्छा. जयंतीच्या वर्गणीतून सहा हजार रुपये त्यासाठी बाजूला काढले होते. अभ्यासवर्गातल्या दोन मुली आणि वस्तीतली एक मावशी, अशा चौघांच्या पथकावर समितीने ही जबाबदारी टाकली. नाणे म्हणजे २०१५ चे, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त केंद्र सरकारने काढलेले १२५ रुपयांचे. ६ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्लीत त्याचे प्रकाशन झाले. त्याच वेळी दहा रुपयांचे नाणेही काढले गेले. दहाचे बाजारात आले. १२५ चे मात्र कधीच कोणाच्या खिशात येणार नव्हते. ते जपून ठेवण्यासाठीच पाडलेले होते.

मंगल कार्यालयात वीसेक टेबले. सुरत, धुळे, नाशिककडचे व्यापारी. शिवकालीन शिवराई, निजामाचे पैसे, होळकरांचे रुपये, शेवटी ७८६ आकड्याच्या नोटा. मधल्या रांगेत एका तरुण व्यापाऱ्याकडे बाबासाहेबांची १२५ ची तीन नाणी होती. दोन पांढरीस्वच्छ. तिसरे वेगळे ठेवलेले, वर छोटा दिवा लावलेला.

ते नाणे आम्ही पाहिले आणि खरे सांगतो, काही क्षण बोलणे सुचले नाही. कडेला गडद निळा, मोराच्या मानेसारखा. त्याच्या आत जांभळा, मग वांग्याचा रंग हळूहळू तांबूस होत गेलेला, आणि बाबासाहेबांच्या चेहऱ्याच्या आसपास जुन्या सोन्याचा पिवळा. नाणे जरा हलवले की हे रंग एकमेकांत सरकत. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात डिझेलचा थेंब पडल्यावर जे दिसते, तसेच. मुलींपैकी एक म्हणाली, "सर, बाबांच्या मागे कोणी रोषणाई केली असं वाटतंय." मावशींनी हात जोडले.

व्यापारी म्हणाला, "याला टोनिंग म्हणतात. कोणी रंगवलेलं नाही. आपोआप झालंय."

खरे म्हणजे यात गूढ काही नाही. हवेत, पुठ्ठ्यात, स्वस्त कागदात गंधक असते. चांदी गंधक ओढून घेते आणि तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. घरातली चांदीची वाटी, पायातले पैंजण काळे पडतात ते याचमुळे. पण थर अगदी पातळ असतो तेव्हा प्रकाश त्याच्या वरच्या पृष्ठभागावरूनही परततो आणि खालच्या धातूवरूनही, आणि दोन्ही किरण एकमेकांत मिसळून काही रंग उठून दिसतात, काही विझतात. थर जसजसा जाड होतो तसतसा पिवळा, मग तांबडा-जांभळा, मग निळा, आणि शेवटी काळा. पुठ्ठ्यातले गंधक कडेकडून आत शिरते म्हणून कडेला निळे आणि मध्ये सोनेरी. शिवाय हे नाणे शुद्ध चांदीचे नाहीच. ३५ ग्रॅम वजन, ४४ मिलिमीटर व्यास. त्यात चांदी निम्मी, तांबे ४० टक्के, निकेल आणि जस्त पाच-पाच टक्के. तांबे असल्यामुळे रंग चढायला आणखी सोपे.

म्हणजे जो रंग पाहून आम्ही थक्क झालो, तो काळे पडण्याच्या वाटेवरचा एक मुक्काम होता. तेच गंधक, तीच चांदी.

किंमत विचारली. पांढऱ्या नाण्याचे पाच हजार, रंगीत नाण्याचे साडेआठ हजार. आमच्याकडे सहा. मावशींनी विचारले, "भाऊ, हे डागाळलेलं महाग कसं?" तो हसला. म्हणाला, "मावशी, हा डाग नाही, हीच तर ब्यूटी आहे. फक्त घरी नेऊन पितांबरीने घासू नका, नाहीतर हजार रुपयेही येणार नाहीत." नाणे प्लास्टिकच्या बंद डबीत होते. ती त्याने उघडली नाही. "उघड्या नाण्याला हात लावत नाही कोणी, घामाचा ठसा उमटतो," असे त्याने सांगितले. न्यायाने सांगितले पाहिजे की हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता. आमचे आडनाव त्याने विचारले नाही. तरी 'हात लावू नका' हे शब्द बाबासाहेबांच्या चेहऱ्याच्या संदर्भात ऐकताना कानाला कसे लागले, ते ज्यांच्या कानांनी ते शब्द इतर ठिकाणी ऐकलेत त्यांना वेगळे सांगायला नको.

आता त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चला. तिथे प्लास्टिकचा एक डबा होता, किराणा दुकानात खारीक-बदाम ठेवतात तसा. त्यात राणी व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचे चांदीचे रुपये. काही काळे, काही घासून गुळगुळीत, आणि बहुतेकांच्या वरच्या कडेला एक गाठ. तिथे कधीतरी कडी होती. सोनाराने टाका मारून बसवलेली आणि पुढे कोणीतरी कापून काढलेली. काहींना आरपार भोक. हे रुपये नगावर विकायला नव्हते. वजनावर होते. आम्ही विचारले, यांना वेगळी किंमत का नाही? व्यापारी म्हणाला, "हे डॅमेज आहेत. आदिवासी लोकांच्या माळेतले. कलेक्टर घेत नाही, सोनारच वितळवायला नेतो."

नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्याला त्या डब्यातले रुपये ओळखायला चष्मा लागत नाही. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडच्या म्हाताऱ्या बायांच्या गळ्यात रुपयांच्या माळा आम्ही पाहिल्या आहेत. होळीला, लग्नाला त्या अंगावर चढतात. भिल्ल आणि पावरा बाईसाठी ती माळ नुसती हौस नव्हती. तीच तिची बँक, तोच विमा आणि नवऱ्याच्या हाती न लागणारी तीच तिची मालमत्ता. १८३५ पासून ब्रिटिश रुपया एक तोळ्याचा, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारातले अकरा भाग चांदी. निरक्षर बाईलाही त्याची पारख करता यायची, कारण रुपयाच तोळा होता आणि तोळाच रुपया. गळ्यात किती आहे, हे तिला मोजून माहीत असायचे.

ती माळ गळ्यातून निघून डब्यात कशी येते, याचा रस्ता आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पाऊस लांबला, बियाणे उधार, आजारपण, मुलाचे लग्न, मुकादमाची उचल फिटली नाही. आधी माळ गहाण जाते, मग जमीन. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांसारखा भिल्ल कार्यकर्ता पुढे आला, ते याच गहाणवटीच्या विरोधात. त्या लढ्यांच्या दबावाने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ ला झाला. १९७५ च्या कर्जमुक्ती कायद्याने छोटे शेतकरी आणि मजूर यांचे सावकारी कर्ज रद्द ठरवले आणि गहाण वस्तूही परत करायला सांगितल्या. पण जमिनीला सातबारा असतो. माळेला कसला सातबारा? सावकाराने पावती दिलेली नाही, बाईला वाचता येत नाही, आणि कडी कापून रुपये सुटे झाले की एक रुपया दुसऱ्यासारखाच. त्या डब्यातला एखादा रुपया कोणाच्या आजीचा, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही.

म्हणून आमचा पहिला मुद्दा असा. एकाच टेबलावर दोन डाग होते. एक कपाटातल्या पुठ्ठ्याने दिलेला, माणसाचा हात न लागल्यामुळे आलेला. त्याला नाव 'टोनिंग', वर दिवा, किंमत साडेतीन हजारांनी जास्त. दुसरा एका बाईच्या गळ्याने, घामाने, सोनाराच्या टाक्याने दिलेला. त्याला नाव 'डॅमेज', आणि त्याची वाट भट्टीकडे. धातूच्या दृष्टीने पाहिले तर डब्यातला रुपया अधिक खरा. त्यात सुमारे पावणेअकरा ग्रॅम चांदी. १२५ च्या नाण्यात साडेसतरा. म्हणजे अशा दोन रुपयांत त्या नाण्याहून जास्त चांदी आहे. तरीही बाजाराने कोणाला दिव्याखाली ठेवायचे आणि कोणाला डब्यात टाकायचे हे ठरवले, ते धातू पाहून नाही. कोणत्या हातातून वस्तू गेली ते पाहून.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हांला मेरी डग्लस या विदुषीचे 'प्युरिटी अँड डेंजर' हे १९६६ चे पुस्तक होते. घाण ही वस्तूच्या अंगी नसते, व्यवस्थेने नेमून दिलेली जागा सोडून वस्तू दुसरीकडे गेली की तिला घाण म्हणतात, असा त्या पुस्तकाचा गाभा. परीक्षेत त्यावर पंधरा मार्कांचा प्रश्न आला होता. पण ज्यांचे पूर्वज महाडच्या तळ्यावर पाणी प्यायले, त्यांना हे शिकायला ऑक्सफर्डची बाई लागत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि नंतर तिथल्या सनातन्यांनी शेण आणि गोमूत्र टाकून तेच तळे 'शुद्ध' केले. शेणाने शुद्ध आणि माणसाच्या ओंजळीने अशुद्ध! गंमत अशी की नाण्यांच्या जगात शुद्धीकरण हाच मोठा अपराध. घासलेल्या नाण्याला कोणी विचारत नाही. तिथे काळाचा डाग मान्य आहे. फक्त तो वापराचा नसावा, कष्टाचा नसावा, गरिबाच्या अंगाचा नसावा.

(जाता जाता एक माहिती. बाजारात रंगीत नाण्यांना भाव आहे म्हटल्यावर ते रंग घरी तयार करणारेही निघाले आहेत. उकडलेल्या अंड्यात गंधक असते, त्यासोबत नाणे डबीत बंद केले की काही दिवसांत मोर फुलतो. म्हणजे शोभेच्या डागाचीही नक्कल होते. टाका मारलेल्या रुपयाची नक्कल करावी, असे अजून कोणाला वाटलेले नाही.)

आम्ही हे मुलींशी बोलत असताना मावशींनी कमरेची पिशवी सोडली आणि रुमालात बांधलेला एक रुपया काढला. १९९० चा. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने काढलेला तांबे-निकेलचा साधा एक रुपया. १४ एप्रिल १९९० पासूनचे वर्ष सामाजिक न्यायाचे वर्ष म्हणून पाळले गेले, त्याच वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले. तो रुपया त्या वेळी खिशाखिशात होता. मिठाच्या पुडीला द्यायचा, एसटीच्या कंडक्टरला द्यायचा. आमच्या वस्त्यांत मात्र बायांनी तो खर्चायचे थांबवले. हाती आला की बाजूला काढायचा. कोणी देव्हाऱ्याच्या जागी तसबिरीपुढे ठेवला, कोणी खिळ्याने भोक पाडून काळ्या दोऱ्यात लेकराच्या गळ्यात घातला. मावशींच्या रुपयाला असेच भोक आहे. तो त्यांच्या थोरल्या मुलाच्या गळ्यात होता. चेहरा इतका झिजलेला की बाबासाहेबांच्या चष्म्याची जागा बोटाला कळते, डोळ्यांना नाही.

व्यापाऱ्याने पाहिला आणि म्हणाला, "होल आहे मावशी. चांगला असता तरी पंचवीस-तीस. याचं काही येणार नाही."

मावशी म्हणाल्या, "विकायला नाही काढला, भाऊ. तुमच्या बाबांच्या शेजारी आमचे बाबा ठेवून पाहायचे होते."

त्यांनी तो प्लास्टिकच्या डबीजवळ ठेवला. मुलींनी मोबाईलवर फोटो काढला. त्या फोटोत एक चेहरा कोणी हात न लावल्यामुळे सुंदर झालेला आहे, दुसरा पस्तीस वर्षे हात लागून पुसट झालेला आहे. आमच्या मते चळवळीपुढचा प्रश्न या एका फोटोत आहे. बाबासाहेबांचे आपण काय करायचे? त्यांना जपायचे की वापरायचे?

कारण लोक विसरतात की हा माणूस नाण्यावर कोरला जाण्याच्या कितीतरी आधी नाण्यावर लिहून गेला आहे. १९२३ साली लंडनमध्ये त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डी.एस्सी. पदवी त्याच प्रबंधावर मिळाली. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि तीत सगळी मते पटत नसल्याचेही सांगितले. केन्स यांच्यासारख्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने हिंदुस्थानसाठी ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीचे कौतुक केले होते, तीच चुकीची आहे असे तिशीतल्या भीमरावांनी त्यात मांडले. जयंतीच्या बॅनरवर आपण 'रिझर्व्ह बँकेचे जनक' असे मोठ्या अक्षरात लिहितो. रॉयल कमिशनपुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी साक्ष दिली, आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, हे सगळे ठीक. पण बॅनर लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते पुस्तक उघडले? महाराष्ट्र शासनाने काढलेल्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात ते आहे.

उघडले तर काय सापडते? आमच्या जिल्ह्याच्या कामाचे दोन मुद्दे सांगतो.

पहिला टाकसाळीचा. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत गेला की थोडा खर्च कापून तिचे रुपये पाडून मिळत. त्या साली सरकारने लोकांसाठी टाकसाळ बंद केली. रुपयाचा भाव त्यातल्या चांदीच्या भावापासून तुटला. नाण्यातली चांदी तीच, पण बाईच्या पायातले वाळे आणि तिच्या हातातला रुपया यांच्यात आता दरी पडली. वाळ्याचे रुपये पाडून घेता येईनात, सोनार-सावकार देईल त्या धातूच्या भावात विकावे लागे. आणि सहाच वर्षांनी, १८९९-१९०० ला, छप्पन्याचा दुष्काळ आला. खानदेश त्यात होरपळला. ज्यांची सारी पुंजी चांदीच्या दागिन्यांत होती त्यांनी ती कोणत्या भावात मोडली असेल, याचा विचार करा. बाबासाहेब काही ती जुनी टाकसाळ लोकांसाठी पुन्हा उघडा म्हणत नव्हते. त्यांचा आक्षेप दुसरीकडे होता. लोकांसाठी बंद केलेली टाकसाळ सरकारने स्वतःसाठी उघडी ठेवली आणि हवे तेवढे रुपये पाडले. ती सरकारलाही बंद करा, सोन्याचे नाणे पाडा, रुपयाच्या संख्येला मर्यादा घाला, म्हणजे भाव चढणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. नाणे पाडणाऱ्याच्या मर्जीवर गरिबाची भाकरी अवलंबून राहू नये, हा त्यामागचा विचार.

दुसरा मुद्दा त्याहून थेट आहे. रुपया स्वस्त ठेवला तर देशाला फायदा होतो, अशी त्या काळच्या व्यापारी आणि गिरणीमालकांची ओरड होती. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? रुपया स्वस्त झाला की देशातल्या वस्तूंचे भाव वाढतात, मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. मालकाच्या नफ्याची वाढ ही मजुराच्या ताटातली घट असते. तो फायदा बाहेरून देशात आलेला नसतो. एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून काढून घेतलेला असतो. शंभर वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्या माणसाला नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर नेऊन उभे केले असते तर त्याने काय विचारले असते? 'माझा फोटो नाण्यावर आहे का' असे तर नक्कीच नाही. किलोला देठ खुडायचे किती मिळतात आणि गोडेतेल कितीला आहे, हे विचारले असते.

नोटेवर बाबासाहेबांचे चित्र हवे, ही चळवळीतली जुनी मागणी आहे. आम्ही तिच्या विरोधात नाही. प्रतीकाची लढाई ही खोटी लढाई नसते. ज्यांचा चेहरा कुठेच नव्हता त्यांना चेहऱ्याची किंमत कळते. पण चेहरा मिळाल्यावर पुढे काय होते तेही पाहावे. २०१५ चे दहा रुपयांचे नाणे बाबासाहेबांचेच होते. पण दहाचे नाणे खोटे आहे अशी अफवा उठली आणि आमच्याकडच्या आठवडे बाजारात कित्येक दुकानदारांनी ते घेणे बंद केले. शेवटी १७ जानेवारी २०१८ ला रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावे लागले की दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चलनात आहेत. तरीही धडगावच्या बाजारात आदिवासी बाईने ते पुढे केले की "हे चालत नाही" म्हणून परत ढकललेले आम्ही अलीकडेही पाहिले आहे. बाबासाहेब चालतात ते १२५ च्या रूपात, डबीत बंद, दिव्याखाली. दहाच्या रूपात, भाजीवालीच्या हातात, ते 'चालत नाहीत'. व्यवस्थेला बाबासाहेब नेमके कोणत्या जागी हवे आहेत, ते यावरून समजून घ्यावे.

एक योगायोगही नोंदवून ठेवू. १२५ च्या नाण्याचा मिश्रधातू, निम्मी चांदी आणि बाकी तांबे-निकेल-जस्त, हा काही नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात चांदी वाचवण्यासाठी ब्रिटिशांनी १९४० साली रुपयातली चांदी बारातल्या अकरा भागांवरून निम्म्यावर आणली, तेव्हाचे प्रमाण हेच. लोकांच्या रुपयातली चांदी सरकारने काढून घेतली, त्या दिवसाची ती कृती आहे. १९४७ ला रुपया निव्वळ निकेलचा झाला आणि चांदी चलनातून गेलीच.

आम्ही त्या दिवशी नाणे घेतले नाही. साडेआठ हजार नव्हतेच, आणि पाच हजारांचे पांढरे घ्यावे यावर चौघांचे एकमत होईना. धाकटी मुलगी तर रडकुंडीला आली होती. रात्री समितीची बैठक झाली. तरुण मुले आमच्यावर तुटून पडली. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. एक जण म्हणाला, "प्रत्येक मोठ्या घराण्याची, प्रत्येक नेत्याची नाणी लोक काचेत ठेवतात. आपल्या बापाचं आलं की तुम्हाला तेल-मिठाचा भाव आठवतो. गरिबी शिकवायला आपणच राहिलो का? सुंदर वस्तूवर आपला हक्क नाही?" यावर आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. सुंदर वस्तूवर हक्क आहेच. ते नाणे सुंदर होते, आणि वस्तीतल्या एखाद्या पोराला आपल्या विहारात ते पाहून ताठ चालावेसे वाटले असते तर साडेआठ हजार वाया गेले असे आम्ही म्हणू शकत नाही. आमचे म्हणणे एवढेच होते की कपाटात जागा एकच असेल तर आधी मावशींचा रुपया ठेवा. त्याच्या शेजारी, मिळाला तर, त्या डब्यातला टाका मारलेला एक रुपया ठेवा आणि खाली चिठ्ठी लावा की हा डाग कशाचा आहे. मग उरलेल्या जागेत मोरपंखी बाबासाहेब खुशाल येऊ द्या.

मतदान झाले. नाणे घ्यायचे ठरले, वरचे अडीच हजार तरुणांनी उभे करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोषाध्यक्ष आणि दोन मुले पैसे घेऊन गेली, तोवर ते सुरतच्या कोणा संग्राहकाने उचलले होते. डब्यातले रुपयेही सोनाराने एकगठ्ठा नेले, असे कळले. मुलांनी पांढरे नाणे घेतले नाही. "घ्यायचं तर तेच," असे त्यांचे मत. मावशींनीही आपला रुपया कपाटात ठेवायला दिलेला नाही. "मी आहे तोवर माझ्याजवळच राहू द्या, पाहायचा तर घरी या," म्हणाल्या.

सहा हजार परत बँकेत गेले. त्यातून सहावा खंड घ्यायला मात्र कोणी हरकत घेतली नाही. दर रविवारी संध्याकाळी विहारात त्याची चारपाच पाने वाचतो. इंग्रजी अवघड आहे, दर वाक्याला थांबावे लागते. ज्या दिवशी मजुरी आणि भावाचे पान आले त्या दिवशी पथारीवर जाणाऱ्या तिघी बाया वर्गाला बसल्या होत्या. त्यांच्याच सांगण्यावरून दोन्ही मुलींनी एक वही घातली आहे. रकाने आखले आहेत : वर्ष, देठ खुडण्याची मजुरी, गोडेतेल, तूरडाळ, एसटीचे भाडे. म्हाताऱ्या बायांना जितके मागचे आठवते तितके मागे जायचे ठरले आहे. १९९० च्या ओळीपाशी वाद लागला आहे, कारण त्या साली मजुरी किती होती यावर मावशी आणि त्यांची जाऊ यांचे जमत नाही.